देवाची हाक आणि घरातली माणसे : आपले अनुभव लिहा

आगाशीची लेक
गेल्या आठवड्यात आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) एका तरुणाची गुरुदीक्षा झाली, म्हणजे तो धर्मगुरू झाला. संतमालिका (संतांची नावे घेत म्हणायची प्रार्थना) गायली जात असताना तो वेदीपुढे पालथा पडून होता, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "घराचे नशीब उघडले" असे म्हणाले आणि मला माझी आजी आठवली, कारण तिचे मत नेमके उलटे होते. आत्या मठात गेली तेव्हा तिचे लग्न जवळजवळ ठरले होते आणि मुलगा तिला आवडलेलाही होता, हे ती स्वतःच सांगत असे. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांपैकी तिला जड गेले ते तिसरे. तिला शिकवायचे होते, पण वरिष्ठांनी तिला दूरच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाठवले आणि ती गेली. त्या काळी अनेक संघांत धर्मभगिनींना माहेरी रात्री राहण्याची मुभा नसे. आजी संध्याकाळ झाली की तिला एसटीत बसवून यायची आणि त्या रात्री जेवायची नाही. हाक आत्याला आली होती, आजीला नव्हे. तुमच्या घरी असे कोणी असेल, किंवा ते तुम्हीच असाल, तर जरूर लिहा.

फोडणी
वाचते आहे, कुकर लावून येते. तोवर कोणीतरी लक्ष्मीबाई टिळकांचा विषय काढेलच.

वारणाकाठ
माझी धाकटी बहीण आर्यिका, म्हणजे दिगंबर जैन साध्वी आहे. एक पांढरी साडी, पिच्छी (मोरपिसांचा कुंचा), कमंडलू, दिवसातून एकदा आहार आणि केशलोच, म्हणजे हाताने केस उपटणे. ती पायी विहार करत आमच्या भागात आली की आई सोवळ्याने स्वयंपाक करून कलश घेऊन दारात उभी राहते. आहाराला निघण्यापूर्वी साधू-साध्वी मनात एक नियम धरतात, तो ज्या दारात जुळेल तिथेच थांबतात आणि कुठेच जुळला नाही तर उपाशी परततात. एकदा ती आमच्या दारावरून पुढे निघून गेली. आईने पोटच्या मुलीला "वंदामि माताजी" म्हणत हात जोडले आणि कलश आत नेऊन ठेवला. नियम काय होता, हे आम्ही कधीच विचारले नाही.

तर्ककर्कश
एक शंका आहे, राग मानू नये. जैन मतात जग निर्माण करून माणसाला बोलावणारा ईश्वर नाही, मग तुमच्या बहिणीचा अनुभव या धाग्यात कसा बसतो?

वारणाकाठ
शंका योग्य आहे. तिला कोणी बोलावले नाही, तिला वैराग्य आले. आईच्या दृष्टीने त्यात फारसा फरक पडला नाही.

गोरेगाव रिटर्न
मी सेमिनरीत, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात काही वर्षे काढून परत आलेला माणूस आहे. मी लहानपणी टायफॉइडमधून वाचलो, तेव्हा आईने मला देवाला देण्याचा नवस केला होता आणि तीच देवाची हाक आहे असे मीही धरून चाललो होतो. मार्गदर्शक फादरांनी एके दिवशी शांतपणे विचारले, "नवस तुझ्या आईचा आहे; तुझे काय?" मला उत्तर देता आले नाही. घरी परतल्यावर आईने बरेच दिवस अबोला धरला, पण सून आल्यावर तो सुटला. आता ती नातवाकडे ज्या नजरेने पाहते, त्याची मला धास्ती वाटते.

फोडणी
@गोरेगाव रिटर्न, नातवाला टायफॉइडची लस द्या म्हणजे झाले!
टिळकांचे अजून कोणी काढले नाही, म्हणून मीच लिहिते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पदरात लहान मूल असलेल्या बायकोचा संसार एका दिवसात मोडला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे नगरला नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे मात्र तेवढ्यावर भागले नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले. मला टिळकांच्या कविता फार प्रिय आहेत, पण घर कोण चालवणार हा प्रश्न अशा माणसांना दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो, असे माझे मत आहे.

इंद्रायणी
याच्या उलटही घडते. आळंदीचे विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीला संन्यासी झाले आणि हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना घरी जाण्याची आज्ञा केली, अशी परंपरागत कथा आहे. ती आज्ञा पाळली म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले आणि शेवटी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. घरी परत येणे हेच त्यांच्यासाठी अधिक कठीण आज्ञापालन ठरले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई त्या परतण्यानंतर जन्मले, हे आपण सोयीने विसरतो.

चौकस
आत्यांचे ज्यांच्याशी ठरत होते, त्या गृहस्थांचे पुढे काय झाले?

आगाशीची लेक
त्यांनी रीतसर लग्न केले. त्यांची केळीची वाडी आहे आणि आम्ही अजून तिथूनच केळी आणतो. त्यांच्या पत्नीने एकदा आजीला "तुमच्या लेकीच्या कृपेने माझे चांगले झाले" असे सांगितले होते. आजीला ते मुळीच आवडले नव्हते.

इंद्रायणी
@वारणाकाठ, घरी कोणी आजारी पडले तर बहिणीला येता येते का?

वारणाकाठ
नाते सुटलेले असते, त्यामुळे मुलगी म्हणून येता येत नाही. विहाराची वाट तिकडून असेल तर साध्वी म्हणून दर्शन होते. वडील शेवटच्या आजारात असताना चातुर्मास चालू होता आणि त्या काळात त्यांनी एकाच ठिकाणी राहायचे असते. तिने नियम मोडू नये, असा निरोप वडिलांनीच माझ्याकरवी पाठवला होता. तो निरोप गेला होता, हे आईला आम्ही अजून सांगितलेले नाही.