जॉन हर्शेल यांच्या तारीख नसलेल्या पत्राचे वर्ष कसे ठरवावे?

नमस्कार. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या दैनंदिन पत्रव्यवहारावर मी लेख लिहीत असून एका पत्राच्या छायाप्रतीपाशी अडलो आहे. माथ्यावर केवळ ‘कॉलिंगवुड, मंगळवार’ असे आहे, आणि शेवटच्या चार ओळी समासात आडव्या, दाटीने लिहिल्या आहेत. हर्शेल १८४० मध्ये इंग्लंडमधील कॉलिंगवुड या घरी राहायला गेले व १८७१ मध्ये तेथेच वारले. मजकुरात ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीतल्या आपल्या चालू कामाचा उल्लेख आहे आणि ते १८५० ते १८५५ या काळात टांकसाळीचे प्रमुख होते, त्यामुळे कालखंड बराच आवळता आला. ‘काल पौर्णिमा होती’ या ओळीवरून सोमवारच्या पौर्णिमाही काढून पाहिल्या, पण त्या अनेक निघतात. मूळ कागद व पाकीट पाहण्याची सोय नाही, म्हणून जलचिन्ह (उजेडात धरल्यावर कागदात दिसणारी निर्मात्याची खूण) किंवा टपालाचा शिक्का यांचा उपयोग नाही. पत्र कोणाला लिहिले तेही उमगत नाही. अशा वेळी आधी हस्ताक्षरातील बदल तपासावेत, की त्या वर्षांत त्यांना आलेली पत्रे वाचून हे कोणाचे उत्तर आहे ते शोधावे?