ग्रुपचं नाव ‘जिप्सी’ ठेवलं तर बिघडलं कुठं?

सह्यवेडा:
आमच्या ट्रेकिंग ग्रुपला नाव हवं होतं, मी ‘जिप्सी’ सुचवलं, सगळ्यांना आवडलं, पण लंडनला राहणारी मावसबहीण म्हणाली बदल, ही शिवी आहे. आता मराठीत जिप्सी म्हणजे काय तर मनमौजी, पायाला भिंगरी लागलेला माणूस. शिवी वगैरे कुठून आली? प्रत्येक शब्दाला सोवळं नेसवायचं का?

पेठकर:
+१. मारुतीची जिप्सी लोकांनी इतकी वर्षं चालवली, कोणाला काय टोचलं?

शब्दकिडा:
टोचणारी माणसं इथं नव्हती म्हणून. मुळात शब्दाचा अर्थ भटक्या नाहीच, तो इजिप्शियनचा अपभ्रंश आहे. हे नाव पडलं ते रोमानी लोकांना, कारण युरोपात लोकांना वाटलं हे सावळे लोक इजिप्तहून आलेत. इंग्लंडात 1530 साली आठव्या हेन्रीच्या काळात इजिप्शियन्स ॲक्ट आला, सोळा दिवसांत देश सोडा म्हणून, आणि 1554 च्या कायद्यात तर देहदंड. दारोदार हाकलल्यावर माणूस भटकणारच, आणि मग त्यालाच म्हणायचं की बघा किती मनमौजी! इंग्रजीत फसवणे या अर्थाचं ‘जिप’ हे क्रियापदही बहुतेक यातूनच आलंय.

बोरीबंदर:
पण मुळात ते आपलेच ना, बंजारा वगैरे?

शब्दकिडा:
भारतातले, हो. भाषेवरून तेवढं पक्कं आहे, पण थेट आपले बंजारा असं म्हणायला आधार नाही. रोमानी भाषेत पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख. आकडे म्हणून बघ, येख, दुय, त्रीन, श्तार, पांज. इथवर आपल्या आजीला पण कळेल, आणि मग अचानक सात, आठ, नऊ म्हणजे एफ्ता, ओख्तो, एन्या, हे ग्रीक! वाटेत कुठं मुक्काम पडला ते आकड्यांतच दिसतंय की.

पेठकर:
छान माहिती पण मुद्दा तिथंच. ब्रिटनच्या 2011 च्या जनगणनेत ‘जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर’ (म्हणजे मूळ आयर्लंडचे फिरस्ते) असा रकाना होता, तिथले कित्येक जण स्वतःला अभिमानानं जिप्सी म्हणवतात. त्यांना चालतं आणि तुम्हाला नाही?

शब्दकिडा:
त्यांनी स्वतःला म्हणणं वेगळं रे. 1971 साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद झाली, त्यात रोम हेच नाव घ्यायचं ठरलं, रोम म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस. आणि त्यातले बहुतेक तर कधीचे घर करून राहतात, रुमानियाच्या भागात 1850 च्या दशकापर्यंत चक्क गुलाम होते, कसली भटकंती अन् कसलं काय.

सह्यवेडा:
बरं बाबा, हरलो (अर्धाच, अजूनही वाटतं की मराठीत आल्यावर शब्द आपला होतो). मग सरळ ‘भटके’ ठेवू का, अस्सल मराठी?

पालावरची:
तेही जरा विचारून ठेव दादा. माझ्या दाखल्यावर भटक्या जमाती असं लिहिलंय. आजोबा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरायचे, पाल टाकलं की संध्याकाळी पोलीस पाटील नावं लिहून घ्यायला यायचा. ते ट्रेकला नव्हते निघाले.

सह्यवेडा:
…टीशर्टची ऑर्डर थांबवतो.

पेठकर:
थांबव, पण रंग तरी निळाच ठेव.