मदत हवी आहे: एकाच चांदीच्या रुपयाला तिघांनी तीन ग्रेड सांगितल्या, नक्की बघायचं काय?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या पेटीतले चांदीचे रुपये आता आम्हा चुलत भावंडांत वाटायचे आहेत. विकायचे नाहीत, पण वाटणीनंतर कुणाच्या मनात काही राहायला नको म्हणून कुठलं नाणं कसल्या कंडिशनमधे आहे ते नीट समजून घ्यायचंय. पेटीत राणीछाप आहेत (1840 चे कंपनीचे आणि 1862 चे), थोडे एडवर्डचे, बाकी बहुतेक पंचम जॉर्जचे, आणि त्यात एक 1911 चा निघालाय. सगळा गोंधळ त्याच्यावरूनच सुरू झाला.

1911 चा रुपया म्हणजे तो डुकराचा म्हणतात तो, राजाच्या झग्यावर जो हार आहे त्यात हत्ती आहे पण सोंड इतकी आखूड कोरली होती की लोकांना ते डुक्कर वाटलं, लोक नाराज झाले आणि 1912 पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. त्यामुळे 1911 ला मागणी असते एवढं मला माहीत आहे. तर हे नाणं मी एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले व्हीएफ आहे. नाण्यांच्या प्रदर्शनात एका स्टॉलवाल्या काकांनी भिंगातून बघून एक्सएफ सांगितलं. आणि दादाचा एक मित्र जमवतो, तो म्हणतो फोटोवरून एयू वाटतंय. नाणं तेच, बोटंभर अंतर नाही, आणि किमतीत मात्र प्रत्येक ग्रेडला केवढा फरक पडतो!

मला त्या अक्षरांचा अर्थ ढोबळ कळलाय, व्हीएफ म्हणजे वापरलेलं पण बऱ्यापैकी, एक्सएफ म्हणजे थोडंच वापरलेलं, एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं आणि यूएनसी म्हणजे वापरात न आलेलं. पण ही रेषा मारतात कुठे? नाण्यावर नक्की कुठल्या जागी बघतात? आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे हे रुपये दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, मग धुऊन फडक्याने पुसून परत पेटीत. म्हणजे बाजारात फिरले नाहीत तरी कितीतरी वर्षं पुसले गेलेत. हे "वापरलेलं" धरतात का? आजी गेल्यावर काकूने राणीछापमधले काही चिंचेने घासून लख्ख केलेत, ते दिसायला सगळ्यात छान दिसतात आणि भावंडांना तेच हवेत, पण मला का कोण जाणे ते डोळ्याला बरोबर वाटत नाहीत.

वजन सोनाराकडे केलं, 1911 चं 11.6 ग्रॅम भरलं. चुंबकाला चिकटत नाही. कुणी अनुभवी असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद 1

ताई सगळ्यात आधी, उरलेल्या एकाही नाण्याला आता चिंच, राख, टूथपेस्ट, लिंबू काही लावू देऊ नका, काकूंना आजच फोन करा. वजन बरोबर आहे, मूळ 11.66 ग्रॅम म्हणजे जुना एक तोळा, थोडी घट झिजेची. बाकी जाणकार सांगतीलच.

प्रतिसाद 2

तुमचा डोळा बरोबर सांगतोय, काकूंच्या नाण्यांबद्दल खाली लिहितो.

पहिलं म्हणजे ग्रेडमधे दोन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते एकात एक करून टाकतात. एक, नाणं झिजलंय किती. दोन, त्याच्या पृष्ठभागावर काय काय झालंय. तुमच्या तिघांनी बहुतेक वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली असणार.

झीज बघायची ती सगळ्यात उंच जागी, कारण बोटं, पिशवी, दुसरी नाणी आधी तिथेच घासतात. पंचम जॉर्जवर मुकुट, भुवई, मिशी, कान आणि झग्यावरचं नक्षीकाम. व्हिक्टोरियावर कानाजवळचे केस, गाल, छातीवरचं भरतकाम. एडवर्डवर तर मुकुटच नाही त्यामुळे कानावरचे केस पटकन सपाट होतात, म्हणून त्याचे चांगले नमुने शोधायला फार वेळ जातो. व्हीएफमधे मोठे तपशील दिसतात पण बारीक रेघा एकमेकांत मिसळलेल्या असतात, एक्सएफमधे जवळजवळ सगळे दिसतात आणि फक्त टोकं बोथट, एयूमधे टोकांवर नुसता रंग बदललेला दिसतो आणि बाकी चमक शाबूत असते.

आता चमक. ही पॉलिशची चमक नाही हं, टाकसाळीत साच्याचा दाब बसतो तेव्हा धातू बाहेरच्या बाजूला सरकतो आणि अतिशय बारीक रेघा उमटतात, त्यावरून प्रकाश परावर्तित होतो. खोलीतले दिवे बंद करा, एकच टेबललॅम्प ठेवा, नाणं कडेला धरून हळूहळू तिरकं फिरवा. प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरले तर मूळ चमक आहे. पट्टे उंच जागी तुटले आणि खोलगट भागात फिरत राहिले तर एयूच्या आसपास. कुठेच फिरले नाहीत, सगळं एकसारखं पांढरं झगझगीत दिसलं, तर ते घासलेलं आहे. काकूंच्या नाण्यांत तुम्हाला खटकतंय ते हेच. त्या बारीक रेघाच निघून गेल्यात आणि त्या परत येत नाहीत.

हळदकुंकवाचं म्हणाल तर वर्षातून एकदा मऊ फडकं ही बाजारातली झीज नाही पण फडक्याने केसासारखे ओरखडे पडतात, एकाच दिशेने जाणारे. भिंग दहापटीचं घ्या आणि राजाच्या चेहऱ्यासमोरचा मोकळा भाग बघा, तिथेच ते आधी दिसतात. माझा अंदाज, दुकानदाराने ते ओरखडे बघून खाली उतरवलं, स्टॉलवाल्यांनी झीज बघून सांगितलं आणि फोटोत ओरखडे आलेच नसतील. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, दुकानात घ्यायच्या वेळी ग्रेड खाली आणि विकायच्या वेळी वर जाते, हे सगळीकडे चालतं, त्यामुळे एका तोंडी मतावर वाटणी करू नका.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद, लॅम्पखाली लगेच बघितलं. 1911 च्या मागच्या बाजूला, म्हणजे वन रुपी लिहिलंय तिथे फुलांच्या वेलीत पट्टे फिरतात! पुढे राजाच्या बाजूला कडेकडेने फिरतात, गालावर नाही. मिशीचे केस थोडे दिसतात. पण झग्यावर एक जागा सपाट आहे, ती झीज की मुळातच उठली नसेल? आणि ते 58, 62 असे आकडे ऐकले ते काय असतं?

प्रतिसाद 2

छान निरीक्षण आहे. सपाट जागेचा रंग बघा. झिजलेली असेल तर ती करडी, मंद दिसते, आजूबाजूपेक्षा वेगळी. मुळात ठसाच कमी उठला असेल तर तिथेही चमक तशीच वाहते, फक्त नक्षी नसते. कमी उठलेल्या ठशाला झीज म्हणत नाहीत.

आकडे म्हणजे शेल्डनची 1 ते 70 ची पट्टी. विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने 1949 मधे तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ती मांडली, पुढे सगळ्याच नाण्यांना लागू झाली. व्हीएफ 20 ते 35, एक्सएफ 40 आणि 45, एयू 50 ते 58, आणि 60 पासून पुढे न वापरलेली. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून आकड्यासकट प्लास्टिकच्या बंद डबीत देतात. गंमत म्हणजे 58 चं नाणं कित्येकदा 60 च्या नाण्यापेक्षा देखणं असतं, कारण 60 वालं वापरलेलं नसलं तरी पोत्यात इतर नाण्यांवर आपटून त्याला भरपूर खड्डे पडलेले असू शकतात. आणि घासलेल्या नाण्याला आकडा देतच नाहीत, नुसतं "एक्सएफ डिटेल्स, क्लीन्ड" असं लिहून देतात. दागिन्यासाठी कडी लावून काढलेल्याचंही तेच, कडेवर टाक्याचा डाग राहतो. तुमच्या राणीछापांच्या कडा एकदा बघून घ्या, आपल्याकडे रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होतीच. सराफाने पारखायला मारलेले छोटे ठसेही सापडतील.

प्रतिसाद 3

ग्रेडिंगसाठी अमेरिकेला पाठवायचा विचार येत असेल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि सर्वसामान्य माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 1840, 1862, 1911 सगळे त्यात आले. नातेवाईकाच्या बॅगेतून वगैरे अजिबात नको. आणि फोनवर कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी लाखोंना घेतो, आधी कमिशन भरा असं सांगितलं तर फोन ठेवा, बँकेने स्वतःच 2021 मधे तसा इशारा दिलाय.

प्रतिसाद 4

राणीछापाबद्दल एक. 1862 लिहिलेले रुपये पुढे बरीच वर्षं त्याच सालाने पाडले गेले, खरं साल 1874 पासून यायला लागलं. त्यामुळे तुमच्या 1862 वाल्यांत प्रकार वेगवेगळे निघू शकतात, मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजा. नुसती ग्रेड बघून समान वाटले तर चुकेल.

माझ्याकडे शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आहेत म्हणून हेही लिहावंसं वाटतं, ही 70 ची पट्टी हाताने पाडलेल्या नाण्यांना जशीच्या तशी लावू नका. तिथे ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे "श्री राजा शिव" पूर्ण उतरलंय का आणि ठसा मधोमध बसलाय का हेच आधी बघतात. पेटीच्या तळाशी शिवराई निघाली तर ती वेगळी ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हळदीचे पिवळे डाग अक्षरांत अडकलेत ते काढायचे की राहू द्यायचे? आणि ठेवू कशात?

प्रतिसाद 2

राहू दिले तरी नुकसान नाही. काढायचेच तर शुद्ध ॲसिटोन, केमिकलच्या दुकानातलं, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. काचेच्या वाटीत थोडा वेळ बुडवून ठेवायचं, घासायचं नाही, खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा निरांजन नको. हळद आणि तेलकटपणा सुटतो, चांदीला काही होत नाही. काळपट निळसर रंग चढलेला असेल तो मात्र तसाच ठेवा, जमवणाऱ्यांना तोच आवडतो. ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातून हिरवट चिकट थर येतो.

धागाकर्ती

ठरलं मग. काकूंना सांगितलंय, पुढच्या लक्ष्मीपूजनाला रुपये पाकिटातच पुजायचे. वाटणीत घासलेले आणि न घासलेले वेगळे गट करून प्रत्येकाला दोन्हींतून देणार, 1911 चा सध्या कुणालाच नाही, सामाईक. झग्यावरची ती सपाट जागा करडी दिसतेय म्हणजे झीजच असावी, पण तुलनेला दुसरं नाणं नाही. कुणाकडे 1911 किंवा 1912 चा चांगला नमुना असेल तर झग्याचा जवळून, बाजूने प्रकाश टाकून काढलेला फोटो इथे टाकाल का? माझा मी उद्या दिवसाउजेडी काढून टाकते.