टेकडाउन म्हणजे ‘पट काढणे’ का? एमएमए, तालीम आणि आपले शब्द

प्रश्न:
आमच्या तालमीतली काही पोरं एमएमएकडे, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या खेळाकडे, वळू पाहतायत. आधी बॉक्सिंग शिकायचं, मुए थाई (लाथा-गुडघ्यांची थाई लढत) की जुजित्सू (जमिनीवरच्या पकडी आणि फासांची कला), हाच प्रत्येकाचा सवाल. त्यांच्यासाठी मराठीत एक टिपण लिहायला घेतलंय. टेकडाउन, ग्रॅपलिंग, सबमिशन, बेस यांना चालतील असे शब्द सुचवा. कोशातले अवजड नकोत, वस्तादांच्या कानाला खटकता कामा नयेत.

प्रतिसाद:
टेकडाउनला एकच शब्द शोधू नका, आपल्याकडे ढीगभर आहेत. वाकून पाय धरून पाडलं तर तो पट; एक पाय धरला तर एकेरी, दोन्ही धरले तर दुहेरी. पाय अडकवून पाडलं तर टांग, खांद्यावरून आपटलं तर धोबीपछाड. सगळ्यांना मिळून म्हणायचं असेल तर ‘खाली घेणं’. ग्रॅपलिंगला ‘झोंबी’ चपखल बसतो. बेसला सरळ ‘पाया’ म्हणा: त्याचा पाया कुस्तीचा, तिचा पाया बॉक्सिंगचा.

सबमिशनला मात्र तालमीत शब्द सापडणार नाही, कारण कुस्तीत ती गोष्टच नाही. आपला निकाल पाठीवर लागतो. गळा आवळून किंवा सांधा ताणून हार कबूल करायला लावणं नियमात बसत नाही. ‘शरणागती’ वर्तमानपत्रात ठीक, पण शिकवताना काय केलं ते सांगणारं क्रियापद वापरा. गळ्याला फास घातला. खांदा मुरगळला. कोपर उलटं ताणलं. मुरगळणं आणि ताणणं यांत गल्लत करू नका. आर्मबारमध्ये हात पिळत नाहीत, मनगट धरून कोपर उलट्या बाजूला दाबतात.

प्रतिसाद:
एमएमएला ‘मिश्र युद्धकला’ म्हणावं असं मला वाटतं. ‘युद्ध’ जड वाटलं तरी अर्थ पोचतो. ‘स्टाइल’ला ‘प्रकार’ पुरे, ‘शैली’ लिहिलं की नृत्याची आठवण येते.

प्रश्नकर्ता:
‘प्रकार’ घेतो. एमएमए तसंच ठेवतो, पोरं तेच म्हणतात. आता ‘कब्जा’बद्दल सांगा. वरचा पैलवान पाठीवर आला की आपण ‘कब्जा घेतला’ म्हणतो. एमएमएतल्या बॅक कंट्रोलला तोच शब्द चालेल?

प्रतिसाद:
शब्द चालेल, पण टिपणात त्याच्याखाली दोन ओळी जास्त लिहा, कारण कुस्तीची पोरं मार खातात ती इथेच. चीत व्हायची वेळ आली की पैलवान पालथा होतो. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली सवय आहे ती. मातीवर किंवा गादीवर पालथं होणं म्हणजे वाचणं. एमएमएत पाठ दिली की मागून हात हनुवटीखाली शिरतो, पाय कमरेला विळखा घालतात आणि फास बसतो. तिथे कब्जा ही शेवटाची सुरुवात असते.

पटाचंही तसंच. डोकं प्रतिस्पर्ध्याच्या बगलेखाली राहिलं तर कुस्तीत फार बिघडत नाही. एमएमएत तो वरून मानेभोवती हात घालतो आणि पुढच्या बाजूने गळा आवळतो, तोच गिलोटिन. यूएफसीने (एमएमएच्या लढती भरवणारी अमेरिकन कंपनी) करारबद्ध केलेला पहिला भारतीय, आपला मुंबईचा भरत खंडारे, २०१७ साली शांघायमध्ये सोंग यादोंगविरुद्ध पहिल्याच फेरीत याच फासावर हरला. रितू फोगाट कुस्तीतून वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेत गेली. तिथल्या २०२१च्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिला स्टॅम्प फेअरटेक्सने दुसऱ्या फेरीत आर्मबारने हरवलं. स्टॅम्पचा पाया मुए थाईचा. लाथा-गुडघ्यांवर वाढलेली मुलगी खाली झोंबीत पैलवान पोरीला हरवते, यावरून ती खालची लढत किती मन लावून शिकली असेल ते बघा.

म्हणून माझं मत ठाम आहे. कुस्तीच्या पोराने कुस्ती सोडू नये, लढत कुठे होणार हे ठरवायची ताकद तीच देते. यूएफसीचा माजी विजेता खबीब नुर्मागोमेदोव, त्याचा पाया कुस्ती आणि साम्बो या रशियन झोंबीचा, २९ लढतींत एकही हार नाही. पण दुसरा प्रकार निवडताना आधी जुजित्सू घ्यावं, निदान गळा आणि कोपर वाचवण्यापुरतं. बॉक्सिंग त्याच्याबरोबर सुरू करावं, कारण पट काढायला आत शिरायचं तर ठोसे ओलांडावे लागतात. मुए थाई नंतर. ज्याला कुस्तीचा गंध नाही त्याचा क्रम वेगळा: पूजा तोमर वूशूमधून (चिनी युद्धकला) आली आणि २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. अशा खेळाडूने आधी पटाची तोड, म्हणजे पटावरचं उत्तर, शिकावी.

प्रश्नकर्ता:
‘तोड’ म्हणजे इथे स्प्रॉल?

प्रतिसाद:
स्प्रॉल ही अनेक तोडींपैकी एक. डाव आणि तोड ही जोडी तशीच ठेवा, ती मोलाची आहे. स्प्रॉलसाठी मी ‘पाय मागे टाकून अंग लादणं’ असं लिहीन. कंबर खाली, छाती त्याच्या पाठीवर, सगळं वजन त्याच्या मानेवर. बोलताना लांब वाटलं तर पोरं स्प्रॉलच म्हणतील, म्हणू द्या. गार्ड (पाठीवर पडून पायांनी बचाव), राउंड, टॅप (हार कबूल करायला हाताने थोपटणं) हेही तसेच ठेवा. टॅपला ‘थाप’ म्हणायचा मोह टाळा, आपल्याकडे मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतात तो लढायला बोलावण्यासाठी.