सुजलेल्या बोटातून अंगठी निघत नाही, काय करू?

सकाळी अनामिकेला गांधीलमाशी चावली. आता बोट टम्म फुगलंय आणि अंगठी रुतून बसलीय. साबण लावून ओढली, तर सांध्यापाशी कातडी गोळा होते आणि पुढे सरकतच नाही. अंगठी आईची आहे, सोन्याची, साधी वळ्यासारखी, आतून तिच्या नावाचं अक्षर कोरलेलं. ती गेल्यापासून मी काढलेली नाही. कापायला लागू नये असं फार वाटतंय.

प्रतिसाद

ताई, आधी ओढणं थांबवा. ओढून सांधा आणखी सुजतो. मी अकरा वर्षं अपघात विभागात परिचारिका आहे. अर्ध्या अंगठ्या घरच्या ओढाताणीनंच घट्ट झालेल्या असतात.

त्या बोटाचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं तर वेळ आहे. बोट निळं, पांढरं किंवा गार पडलं, बधिर झालं, तर पुढचं वाचू नका, सरळ दवाखाना गाठा.

वेळ असेल तर हात छातीच्या वर धरून दहा मिनिटं बसा, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा. मग भरपूर तेल लावून अंगठी ओढण्याऐवजी पिळत, गोल फिरवत सरकवा.

नाही निघाली तर दोरा. दात साफ करायचा चपटा दोरा उत्तम, गुळगुळीत असतो. एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढा. उरलेला दोरा अंगठीला चिकटून सुरुवात करत नखाच्या दिशेनं गुंडाळा, वेढ्याला वेढा लागलेला हवा, सांधा ओलांडेपर्यंत. मग तळहाताकडचं टोक धरून नखाच्या दिशेनं सोडवत या. एकेक वेढा सुटतो तशी अंगठी पुढे येते. बोटाचं टोक काळंनिळं झालं तर दोरा लगेच सोडा. जखम असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल तर हा प्रकार करूच नका.

प्रतिसाद

मी सोनारकाम करतो. कापण्याची एवढी धास्ती घेऊ नका. कापायच्या यंत्राची पातळ पट्टी अंगठीखाली जाते, तीच कातडी सांभाळते. वर लहान गोल पातं फिरतं. सोनं मऊ, लवकर कापलं जातं. नंतर तुकडा घालून, माप वाढवून जोडता येतं. अक्षर कुठे आहे ते कापणाऱ्याला आधी सांगा. टंगस्टनची असती तर ती कापली जात नाही, पकडीनं दाबून तडकवावी लागते. घरातली पक्कड मात्र कशालाही लावू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. पहिल्यांदा वेढ्यांत फटी राहिल्या, त्यांतून कातडी वर आली आणि अंगठी तिथेच अडली. दुसऱ्यांदा नीट गुंडाळलं, अंगठी सांध्यापर्यंत आली, पुढे नाही. रात्री नऊला नख दाबलं तर पांढरंच राहिलं. मी चार मोजले तरी रंग येईना. मग दवाखान्यात जायला निघालेच. तिथल्या डॉक्टरांना अक्षराची जागा सांगितली, त्यांनी बरोबर समोरच्या बाजूनं कापली. नख तिथेच हळूहळू गुलाबी झालं, ते बघून मला रडू आलं. अंगठी कपाटात ठेवलीय, अक्षर शाबूत आहे. बोट पूर्ण उतरल्यावर माप घेऊन जोडायला देईन.