सिंथिया फरार बाई
प्रश्न : कोल्हापुरातील आमच्या शाळेच्या हस्तलिखितासाठी जुन्या मिशनरी शिक्षिकांवर टिपण लिहीत आहे. जोतीराव फुल्यांनी नगरला पाहिलेली मुलींची शाळा कोणाची होती?

उत्तर १ : सिंथिया फरार यांची. १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आलेल्या या अविवाहित बाई १८३९ मध्ये अहमदनगरला गेल्या, तेथे त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ मध्ये तेथेच देह ठेवला. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात काढलेल्या शाळेमागे हीच प्रेरणा होती.

उत्तर २ : आपल्याकडे कोल्हापुरात १८५२ साली आलेल्या मिशनरी वाइल्डर दांपत्याशी मात्र फरार बाईंची गल्लत करू नये, ती नेहमी होते. माझ्या पणजीची मिशन शाळेतील पाटी, कोपऱ्यात खिळ्याने कोरलेल्या नावासह, अजून आमच्या फडताळात आहे. हवी तर छायाचित्र पाठवितो.