माळकरी घरातल्या दोन कुत्र्यांना पूर्ण वनस्पतिजन्य आहार देता येईल का?

प्रश्न (परळ)

सर्वांस नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून माळ आहे. मांस, मासे किंवा अंडे या घरात कधी शिजलेले नाही, आणि दुभत्या जनावरांच्या हालांविषयी वाचल्यापासून गेली दोन वर्षे मी व माझ्या मुलीने दूधही सोडले आहे. अशा घरात आता दोन कुत्री आहेत आणि त्यांच्या भांड्यात काय वाढावे, हा माझा प्रश्न आहे.

चिंगी सहा वर्षांची असावी. चार वर्षांपूर्वी रेल्वेच्या रुळांजवळ मागचा डावा पाय चिरडलेल्या अवस्थेत ती आमच्या चाळीतल्या मुलांना सापडली. मुलांनी तिला गोणपाटात घालून बैलघोडा हॉस्पिटलात नेले, तिथे पाय काढावा लागला, आणि जखम भरल्यावर ती आमच्याकडे आली ती आमचीच झाली. तिचे वजन १६ किलो आहे आणि निर्बीजीकरण झालेले आहे. आजवर तळमजल्यावरच्या वहिनी तिच्यासाठी रोज चिकन घातलेला भात करत आणि जिन्याखाली वाढत. वर आमच्याकडे ती वरणभात आणि भाकरी खात असे. आता चाळ पुनर्विकासाला गेली, वहिनी विरारला राहायला गेल्या, आणि चिंगीचे सगळे जेवण आमच्यावर आले. त्यातच यंदाच्या जुलैमध्ये फुटपाथवरच्या ताडपत्रीखाली भिजून कुडकुडणारे एक पिल्लू मुलीने उचलून आणले. त्याचे नाव भैरू. दात पाहून डॉक्टरांनी त्याचे वय पाच महिने सांगितले.

सासूबाई म्हणतात, पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, तेव्हा आपण जे खातो तेच दारात आलेल्याला प्रेमाने द्यावे. मलाही मनापासून तेच हवे आहे. परंतु या दोघांचे शरीर आमच्या व्रतासाठी झिजावे, असे मला मुळीच वाटत नाही. वरणभात-भाकरी त्यांना पुरेल का, पुरत नसल्यास काय घालावे लागेल, आणि दोघांना एकच आहार चालेल का, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (मुलुंड)

ताई, वरणभात पुरत नाही, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. आमचा राजा हा रस्त्यावरून आणलेला कुत्रा पहिली तीन वर्षे दूध-पोळी आणि वरणभातावर होता. तो आनंदाने खात असे, शेपूट हलवत असे, आणि पोट भरलेले दिसत असल्यामुळे आम्हाला काही शंका आली नाही. मग शेपटीच्या मुळाशी पाठीवरचे केस विरळ होऊ लागले. हात फिरवला की तळव्याला केस चिकटून येत आणि काळ्या फरशीवर कोंडा पडलेला दिसे. रक्त तपासले तेव्हा अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी निघाले. डॉक्टरांनी आधी गोचीड तापाची तपासणी केली, कारण मुंबईत अशी लक्षणे दिसली की तो ताप पहिल्यांदा वगळावा लागतो; तो नव्हता. दोष आमच्या पातेल्यात होता.

चिंगीच्याच वजनाचा हिशेब मांडतो, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. १६ किलोच्या, निर्बीजीकरण झालेल्या प्रौढ कुत्रीला दिवसाला साधारण ९०० किलोकॅलरी लागतात. कुत्र्यांच्या खाद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मानकानुसार तेवढ्या ऊर्जेबरोबर किमान ४० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १.१ ग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. आता २०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम तूरडाळ (दोन्ही कच्चे वजन) घ्या. ऊर्जा जवळपास पूर्ण भरते, पण प्रथिने २५ ते २७ ग्रॅमच मिळतात आणि कॅल्शियम १०० मिलिग्रॅमसुद्धा होत नाही. म्हणजे पोट भरते आणि हाडे व स्नायू उपाशी राहतात. आमच्या राजाचे नेमके हेच झाले होते.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बसून नवा आहार आखून दिला. त्यात भात कमी केला आणि सोयाबीनच्या वड्या मुख्य केल्या, कारण १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वड्या उकळून ते पाणी टाकून द्यायचे, दोनदा पिळायच्या आणि चांगल्या बारीक करायच्या. अख्ख्या वड्या राजा न चावता गिळत असे आणि संध्याकाळी त्याच उलटून काढत असे. त्यात शिजवलेला लाल भोपळा, गाजर किंवा दुधी, थोडे तेल, दळलेले जवस आणि डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेली पूरक पावडर. ही पावडर स्वयंपाकघराच्या वजनकाट्यावर मोजतो. चिमटीचा अंदाज एकदाही धरला नाही, आणि आपणही धरू नये अशी कळकळीची विनंती आहे. राजा आता नऊ वर्षांचा आहे. केस तीन-चार महिन्यांत भरून आले.

उत्तर (दादर)

मी पशुवैद्य आहे. वरच्या उत्तरातला हिशेब बरोबर आहे. त्यामागची कारणे सांगतो, कारण कारण कळले की चुका टळतात.

कुत्रा हा मांजरासारखा काटेकोर मांसाहारी प्राणी नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासात असे दिसले की, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३०. माणसाच्या वस्तीत हजारो वर्षे राहून कुत्र्याने भात-भाकरी पचवण्याची क्षमता कमावलेली आहे. परंतु पचवता येणे आणि पुरेसे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुत्र्याला १० अमिनो आम्ले आहारातूनच मिळावी लागतात. डाळींमध्ये त्यांपैकी मेथिओनिन कमी असते, आणि त्याच्याच आधारे कुत्र्याचे यकृत टॉरिन तयार करते. टॉरिन हृदयाच्या स्नायूला आवश्यक आहे आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. म्हणून वनस्पतिजन्य आहारात मेथिओनिन आणि टॉरिन वरून घालणे मी अनिवार्य समजतो. मांजराला टॉरिन पुरेसे बनवताच येत नाही. त्यामुळे ही चर्चा वाचून कोणी आपल्या मांजरावर घरगुती प्रयोग करू नये.

दुसरा मुद्दा ड जीवनसत्त्वाचा. आपल्या कातडीत उन्हामुळे ते तयार होते. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे होत नाही, त्यामुळे चिंगी सकाळभर गॅलरीतल्या उन्हात लोळली तरी तिला ते आहारातूनच द्यावे लागेल. आणि ते जास्त झाले तर मूत्रपिंडांना घातक ठरते, म्हणून माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. ब-१२ वनस्पतींत नसते. आयोडीन आणि जस्त कमी पडतात, त्यातही डाळी व कोंड्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते. कॅल्शियमचे वर आलेच आहे.

आता हृदयाच्या आजाराविषयी, कारण ते वाचून अनेक जण घाबरतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर आणि बटाटा मुख्य घटक असलेल्या धान्यविरहित खाद्यांचा हृदय फुगण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. त्या खाद्यांपैकी बहुतेकांत मांसही होते, आणि कार्यकारण संबंध सिद्ध करण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. तरीही कडधान्यांवर आधारलेला आहार देताना हृदयावर लक्ष ठेवावे, एवढा धडा मी त्यातून घेतला आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, २०२२ मध्ये २,५३६ कुत्र्यांच्या पालकांच्या सर्वेक्षणात वनस्पतिजन्य आहारावरील कुत्र्यांची प्रकृती चांगली असल्याचे आढळले; मात्र ती माहिती पालकांनीच दिलेली होती. २०२४ मध्ये अमेरिकेत १५ निरोगी प्रौढ कुत्र्यांना वर्षभर तयार वनस्पतिजन्य खाद्य देऊन त्यांचे रक्त व हृदय तपासले गेले आणि ती सुस्थितीत राहिली. १५ ही संख्या लहान आहे, आणि ते खाद्य कारखान्यात तोलून-मापून बनवलेले होते, हे विसरू नये. त्याच वर्षी ब्रिटनच्या पशुवैद्यक संघटनेने अशा आहाराला असलेला आपला जुना विरोध मागे घेतला.

यावरून माझे मत असे की, चिंगीला हा आहार देता येईल. आधी रक्त, लघवी आणि हृदयाची तपासणी करा, मग जुन्या जेवणात नवे मिसळत किमान दहा दिवसांत बदल करा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि पुढे दर सहा महिन्यांनी. लघवीची तपासणी टाळू नका, कारण या आहाराने लघवी अल्कधर्मी होऊ शकते आणि माद्यांत संसर्ग झाल्यास खडे होण्याचा धोका वाढतो. शक्य असेल तर घरगुती जेवणाऐवजी किंवा त्याच्या जोडीला तयार खाद्य निवडा, पण पाकिटावर ‘शाकाहारी’ लिहिले आहे एवढ्यावर थांबू नका. ते प्रौढ कुत्र्यासाठी ‘संपूर्ण व संतुलित’ असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे.

भैरूला मात्र आता नको. वाढत्या पिल्लाला प्रौढापेक्षा दुपटीहून अधिक कॅल्शियम लागते, प्रथिनेही जास्त लागतात, आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण चुकले तर हाडे वाकतात. प्रौढाच्या आहारातील चूक रक्तात दिसते आणि सुधारता येते. पिल्लाच्या वाकलेल्या हाडाची तशी खात्री देता येत नाही. तो वर्षाचा होईपर्यंत त्याला पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य द्यावे, त्यात मांस असले तरी. माळकरी घराला हे सांगताना मला संकोच वाटतो, परंतु तपासणीच्या टेबलावर हेच सांगितले असते.

उत्तर (माहीम)

मी गेली बारा वर्षे कोळीवाड्याजवळच्या कुत्र्यांना खाऊ घालते, त्यांना चिकन-भातच देते, आणि या आहाराच्या बाजूची नाही. तरीही तुमचा प्रश्न ज्या काळजीने विचारला आहे तो वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

चिंगी चार वर्षे चिकन खात आली आहे. उद्या फिरायला नेताना मासळीवाल्या मावशीच्या टोपलीजवळ ती थांबेल, आणि मावशी प्रेमाने बोंबलाचे डोके टाकतील. त्या वेळी दोरी खेचून तिला ओढत नेऊ नका आणि तिच्यावर रागावू नका. व्रत तुम्ही घेतले आहे, तिने नाही. नवे जेवण तिने मनापासून खाल्ले तर चालू ठेवा. पण ती भांड्यापासून तोंड फिरवू लागली किंवा वजन उतरले, तर जुन्या जेवणावर परत जाण्याची तयारी सुरुवातीलाच घरात बोलून ठेवा. नंतर ते बोलणे फार जड जाते.

दुसरी गोष्ट, घरातल्या पातेल्यातले उचलून वाढू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, मग ते फोडणीतले असोत की मसाल्यातले. तुमच्याकडे प्रसादाचा शिरा होत असेल तर बेदाणे असलेला शिरा अजिबात नको. द्राक्षे व बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असा संशय आहे आणि ते चिंचेतही भरपूर असते, म्हणून मी आमटीसुद्धा देत नाही. आमच्या गल्लीतले एक कुत्रे सत्यनारायणाच्या प्रसादानंतर दोन दिवस उलट्या करत होते. ते वाचले, पण ती दोन दिवसांची धावपळ मी विसरलेले नाही.

प्रश्नकर्ती (परळ)

तिन्ही उत्तरे मी सासूबाईंना संध्याकाळी हरिपाठानंतर वाचून दाखवली. हाडे वाकण्याविषयीचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग बराच वेळ त्या भैरूच्या पुढच्या पायांवरून हात फिरवत बसल्या. शेवटी म्हणाल्या, “माळ माझ्या गळ्यात आहे, त्याच्या नाही. वाढू दे त्याला.” पिल्लांच्या खाद्याचा डबा गॅलरीत राहील, त्याचे भांडे आणि ते घासण्याचा काथ्या वेगळा असेल, आणि ते घासण्याचे काम माझ्या मुलीने स्वतःहून घेतले आहे.

माहीमच्या ताई, तुमची अट आम्ही घरात बोलून मान्य केली आहे. तीन महिन्यांत चिंगीचे वजन १५ किलोच्या खाली गेले किंवा रक्तात काही कमी निघाले, तर तिलाही तेच संतुलित खाद्य मिळेल. प्रसादाचा शिरा यापुढे आमच्याकडे बेदाण्यांशिवाय होईल, म्हणजे चुकून सांडला तरी भीती नको.

मुलुंडचे दादा, काल तुमच्या पद्धतीने वड्या उकळून, पिळून, बारीक करून चिंगीच्या नेहमीच्या भातात दोन चमचे मिसळल्या. तिने आधी भोपळा वेचून खाल्ला, मग भांडे नाकाने ढकलत भिंतीपर्यंत नेले आणि तिथे टेकवून तळ चाटला. तीन पायांवर उभे राहून खाताना भांडे सरकते, म्हणून ती नेहमीच असे करते. पूरक पावडर आणि बाकीचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय यापुढे जाणार नाही. शनिवारी सकाळी रक्त व लघवीच्या तपासणीची वेळ मिळाली आहे. हृदयाच्या सोनोग्राफीसाठी तिला उपाशी न्यावे लागते का, एवढे दादरच्या डॉक्टरांनी कळवावे.

उत्तर (दादर)

सोनोग्राफीसाठी उपाशी असण्याची गरज नसते. रक्तासाठी मात्र आदल्या रात्री आठनंतर जेवण देऊ नका; पाणी चालेल. लघवीचा नमुना सकाळचा पहिला घ्या, स्वच्छ कोरड्या डबीत, आणि तासाभरात पोहोचवा.